नव्वदची कॅसेट : प्रकल्प नोंदी

५ ऑक्टोबर २०२५, रविवार. नौपाडा, ठाणे

दसरा झाला, माळा उतरवायला घेतला. दर वर्षी दिवाळीआधी झाडूनपुसून सगळं परत वर चढवायचो. यंदा परत काही चढणार नाही. बिल्डिंग पुनर्विकासाला गेली आहे, ३० नोव्हेंबरच्या आत चाव्या द्यायच्या आहेत. आई आणि धाकटा भाड्याच्या घरात जातील. तेही ठाण्यातच आहे, पण तिथे माळा नाही.

जुन्या चादरीत गुंडाळलेला कॅसेट डेक निघाला. बाबांनी तो १९९० मध्ये मस्कतहून परतलेल्या एका स्नेह्यांकडून घेतला होता. सोबत अँप्लिफायर, दोन स्पीकर आणि बुटांच्या दोन खोक्यांत कॅसेटी. त्यांत दोन कोऱ्या, नव्वद मिनिटांच्या, सेलोफेनही न फाडलेल्या. कुणी आणि कशासाठी आणून ठेवल्या होत्या, दोघांनाही आठवेना.

धाकटा म्हणाला, "ताई, या घरात एक शेवटची कॅसेट भरायची का?"

भरायची. एकच. दुसरी कोरी चाचणीसाठी. गाणी फक्त रॉक, आणि तीही या मागच्या खोलीत ऐकलेली. नंतर कुठे कुठे आवडलेली नाहीत. ए साइड मी लावणार, बी साइड तो. दुसऱ्याच्या साइडवरचं एक गाणं प्रत्येकाला नाकारता येईल, एकच.

माझ्या फोनमध्ये आवडत्या रॉक गाण्यांची यादी आहे, तीनशेच्या वर गेलेली. ती मी आजवर एकदाही सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलेली नाही. नव्वदच्या कॅसेटवर सोळा-सतरा गाणी मावतात. तीनशेतून सोळा काढताना काय होतं ते मला बघायचं आहे.

११ ऑक्टोबर, शनिवार

डेक उघडला. प्लगमध्ये वीज येते, दिवे लागतात, मोटर फिरते, पण चाकं हलत नाहीत. झाकण काढल्यावर कारण दिसलं. रबरी बेल्ट विरघळून काळं डांबर झालं होतं. बोटाला लागलं की निघत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काड्या घेऊन दोघं अडीच तास बसलो. मोटरची पुली, मोठं चाक, मधल्या फटी. आईने जुनं धोतर फाडून फडकी दिली.

त्याच अल्कोहोलने टेप वाचणारं हेडही पुसलं. कापसावर तपकिरी थर आला. कॅसेटची टेप म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर लोहाच्या ऑक्साइडचा लेप, त्याचीच ती धूळ. हेडवर ती साठली की आधी तार सूर जातात, झांजा बोथट होतात. त्या वयात आम्हाला वाटायचं की कॅसेट जुनी झाली. कितीतरी कॅसेटी आम्ही उगाच जुन्या ठरवल्या असतील.

नवा बेल्ट धाकट्याने एका पाकिटातून काढला. वेगवेगळ्या मापांचे पंचवीसेक बेल्ट एकत्र मिळतात, ते पाकीट. नेमक्या मापाचा नव्हता. एक जवळचा बसला, थोडा जाड वाटला, पण फिरला. बाजारातून आणलेली क्वीनची कॅसेट लावली आणि तिसाव्या सेकंदाला धाकट्याने माझा दंड धरला. एवढा आवाज या खोलीत खूप वर्षांनी झाला.

१२ ऑक्टोबर, रविवार. नेरुळ

ए साइडची यादी करायला बसले. घरी, एकटी.

आधी आवडीच्या क्रमाने लिहिली. सर्वांत आवडतं पहिलं, मग दुसरं, तिसरं. वाचून बघितलं तर ती कॅसेट नव्हती, निकालपत्रक होतं. खोडलं.

दुसऱ्यांदा वर्षांच्या क्रमाने लिहिली, १९६६ ते १९९१. तेही खोडलं. त्या खोलीत गाणी वर्षांच्या क्रमाने आलीच नव्हती. जी कॅसेट मैत्रिणीच्या भावाकडून मिळेल ती आधी. निर्वाणा मी डीप पर्पलच्या आधी ऐकली. जिने कुणाचा हात धरून यायला हवं होतं ती एकटीच दारात उभी होती.

तिसऱ्यांदा फक्त पहिलं गाणं लिहिलं आणि थांबले: पिंक फ्लॉइडचं 'विश यू वर हिअर', १९७५. कारण ते रेडिओच्या खरखरीने सुरू होतं. कुणीतरी स्टेशन शोधतंय, काटा फिरतोय, आणि मग लांबून, त्या रेडिओतूनच आल्यासारखी बारा तारांची गिटार. ती खरखर बँडच्या गिटारवादकाच्या, गिल्मोरच्या, गाडीतल्या रेडिओची आहे. मग त्या लांबच्या गिटारीसोबत वाजवायला जवळची गिटार येते, जणू खोलीत बसलेला माणूस रेडिओला साथ करतोय. आम्ही दोघं त्या खोलीत तेच करायचो, फक्त हातात गिटारीऐवजी बॅडमिंटनची रॅकेट असायची.

आता दुसरं गाणं या गाण्याने मागायला हवं. ते वाऱ्याच्या घोंघावण्यात संपतं. वाऱ्यातून वर काय येईल? सहा-सात गाणी घालून बघितली. बीटल्सचं 'व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स' बसलं, १९६८ चं. पियानोचे ते ठोके वाऱ्यातून पावलांसारखे येतात. त्यातली रडणारी गिटार बीटल्सपैकी कुणाची नाही, एरिक क्लॅप्टनची आहे. बीटल्समधल्या हॅरिसनने त्याला बोलावून आणलं होतं.

दोन गाणी लावायला दोन तास गेले. आवडती गाणी कोणती, हे मला आधीच माहीत होतं. शेजार कुणाला कुणाचा, हे काहीच माहीत नव्हतं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

ऑफिसला जाता-येता ए साइड पुरी झाली. तिसरं एसी/डीसीचं 'बॅक इन ब्लॅक'. मग 'अनदर ब्रिक इन द वॉल'चा दुसरा भाग, ज्यात लंडनच्या इस्लिंग्टन ग्रीन शाळेतली मुलं गातात. त्याला लागून डायर स्ट्रेट्सचं 'सुलतान्स ऑफ स्विंग'. ही दोन्ही एकाच सुरात आहेत, पेटी वाजवणाऱ्या आईच्या भाषेत पांढरी दोन. त्यामुळे एक संपून दुसरं सुरू होताना खोली बदलत नाही, फक्त माणसं बदलतात. डायर स्ट्रेट्सच्या नॉफ्लरला ते गाणं पावसाळी रात्री एका जवळजवळ रिकाम्या पबमध्ये वाजवणाऱ्या जॅझ बँडवरून सुचलं. पुढे रोलिंग स्टोन्सचं 'पेंट इट ब्लॅक', ज्यात ब्रायन जोन्सने सतार वाजवली आहे. मग 'स्मोक ऑन द वॉटर'.

शेवटचा जोड कसा सापडला ते लिहून ठेवते, कारण तो मी शोधला नाही. शेवटी क्वीनचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' आणि द हूचं 'बाबा ओ'रायली' दोन्ही हवीच होती, पण दोन्ही अवजड. शेजारी ठेवली तर एकमेकांना मारतील असं वाटत होतं. फोनवर आईला दोन्ही ऐकवली. ती पेटीवर होती. म्हणाली, "पहिलं जिथे संपतं तिथूनच दुसरं उचलतं की. पांढरी चार."

खरंच. 'बोहेमियन' सुरू होतं काळी पाचला, फिरत फिरत शेवटी पांढरी चारवर येऊन शांत होतं, मग ती घणघणती गाँग. आणि 'बाबा ओ'रायली'चा ऑर्गन त्याच पांढरी चारवर बुडबुड्यांसारखा उसळायला लागतो. १९७५ आणि १९७१, दोन वेगळे बँड, दोन वेगळे स्टुडिओ. हा सांधा तिथेच पडून होता.

मग आईने विचारलं, "बाबा कोण?"

मेहेर बाबा. पुण्यात १८९४ साली जन्मलेले, समाधी अहिल्यानगरजवळ मेहेराबादला. द हूचा पीट टाउनशेंड त्यांचा भक्त. गाण्याच्या नावातला अर्धा भाग त्यांचा, अर्धा टेरी रायली या अमेरिकन संगीतकाराचा. मेहेर बाबांनी १९२५ मध्ये मौन घेतलं ते १९६९ मध्ये देह ठेवीपर्यंत सोडलं नाही. त्यांच्या नावावर एवढा गडगडाट आहे याचं मला लहानपणापासून आश्चर्य वाटतं. आणि त्याच्या शेजारी फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारूख बुलसारा, पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेला पारशी मुलगा. एक इराणी, एक पारशी, दोघांचीही पाळंमुळं याच बाजूला.

पण सावध राहायचं. नातं सांगता येतं म्हणून गाणं घ्यायचं नाही. सूर जुळला म्हणून ही शेजारी आहेत. बाकीचं नंतर कळलेलं.

बेरीज: नऊ गाणी, मधल्या जागा धरून ४४ मिनिटं ५० सेकंद. जेमतेम.

१९ ऑक्टोबर, रविवार. नौपाडा

ए साइड भरायला घेतली, चाचणीच्या कॅसेटवर. लॅपटॉपमधून वायर डेकला. भरणं म्हणजे ऐकणं, त्याला घाई नाही. पाऊण तासाचं पाऊण तासच लागतं. कॅसेटची टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते. १९६३ मध्ये फिलिप्सने ठरवलेला हा वेग अजून तोच आहे.

सुरुवातीला पेन्सिल घालून पारदर्शक पट्टी पुढे फिरवली, तपकिरी टेप दिसेपर्यंत. नाहीतर पहिले पाचेक सेकंद कशावरच उमटत नाहीत. रेडिओची खरखर तिथेच गेली असती.

प्रत्येक गाण्याला आवाजाच्या पातळीचा काटा वेगळा लावावा लागला. जुन्या आवृत्त्या हळू आवाजाच्या आहेत, नव्याने काढलेल्या आवृत्त्या दाबून मोठ्या केलेल्या. लाल खुणेच्या किंचित वर क्षणभर जाऊ द्यायचा, तिथे राहू द्यायचा नाही. धाकटा कागदावर आकडे लिहीत होता: स्टोन्सना साडेसहा, एसी/डीसीला पाच.

'बाबा ओ'रायली'च्या शेवटी व्हायोलिन येतं. डेव्ह आर्बसने वाजवलंय, कल्पना ड्रमर कीथ मूनची. आधी संथ, मग वेग घेत घेत सुसाट. ते ऐन रंगात असताना खट् असा आवाज झाला. टेप संपली. चाळीस सेकंद कमी पडली.

दोघांनी पुन्हा बेरीज केली. बेरीज बरोबर होती. मग टेपच लांडी, असं म्हणून उठलो. मला फार वाईट वाटलं. नऊपैकी एक काढायचं तर सगळे सांधे उकलणार.

२० ऑक्टोबर, सोमवार. नरक चतुर्दशी

अभ्यंगस्नान, फराळ, मग तलावपाळीला चक्कर. राम मारुती रोडवर पाय ठेवायला जागा नाही, सगळं तरुण ठाणं नवे कपडे घालून रस्त्यावर. आम्हीही त्या वयात इथेच उभे असायचो, बहुतेक याच कठड्याशी.

घरी आल्यावर धाकट्याने क्वीनची जुनी कॅसेट लावली. आई करंज्यांचं ताट घेऊन आली आणि दारातच थांबली. "हे परवा फोनवर ऐकवलंस ते नव्हे."

तेच आहे, म्हटलं.

"नाही. ते पांढरी चारला संपलं. हे पांढरी चार आणि काळी तीनच्या मधे लोंबकळतंय."

पेटी काढली. लावून बघितलं. आई बरोबर होती. घड्याळ लावलं: ५ मिनिटं ५५ सेकंदांचं गाणं ५:४५ ला संपलं. डेक जोरात पळतोय, साधारण शंभरात तीनने. सहाने पळाला असता तर अख्खी एक पट्टी चढली असती, तिनाने अर्धी. आणि टेप तेवढीच जोरात पळाली तर पंचेचाळीस मिनिटांमागे सव्वा मिनिट आधीच संपणार. काल आम्ही जे भरलं ते याच डेकवर वाजवल्यावर सुरात वाटत होतं, कारण भरताना आणि वाजवताना चूक तीच. बाजारातल्या कॅसेटने चूक उघडी पाडली, आणि आईच्या कानाने.

दोष बेल्टचा. तो जाड आहे. मोटरची पुली इवलीशी, त्यावर जाड बेल्ट बसला की पुलीचा घेर वाढल्यासारखं होतं आणि चाक जास्त फिरतं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज

ओवाळलं, आणि ताट बाजूला ठेवून स्क्रू ड्रायव्हर घेतला.

मोटरच्या पाठीला बारीक भोक असतं, आत वेगाचा स्क्रू. मी स्क्रूवर, धाकटा रिवाइंडच्या बटणावर, आई पेटीवर. क्वीनच्या गाण्याचे शेवटचे काही सेकंद पुन्हा पुन्हा वाजवायचे, आणि त्याच वेळी आईने पांढरी चार धरायची.

दोन सूर अगदी जवळ आले की आवाजात लाटा उठतात. तंबोरा लावणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. सूर लांब असले की लाटा भराभर, जवळ आले की मंद, जुळले की नाहीशा. पहिल्यांदा लाटा मोजता येत नव्हत्या. स्क्रू केसभर फिरवला, लाटा सावकाश झाल्या. अजून केसभर, उलट जोरात झाल्या, म्हणजे पुढे गेले. आई नुसती मान हलवायची, होकार की नकार तेवढंच. भाता हलवून तिचा हात दुखायला लागला तेव्हा डावा-उजवा बदलला, पण सूर सोडला नाही. बाविसाव्या खेपेला ती म्हणाली, "थांब. हात काढ."

लाट नव्हती. पेटी कुठे संपते आणि पियानो कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं.

घड्याळ: ५:५४. एक सेकंद सोडून दिलं.

आईला रॉक कधी आवडलं नाही. आम्ही दार लावून ऐकायचो आणि ती बाहेरून दार वाजवायची. आज ती आमच्याबरोबर सव्वा तास एकाच गाण्याच्या टोकाला बसली होती. "ह्या मुलाचा आवाज स्वच्छ आहे," एवढंच म्हणाली, फ्रेडीबद्दल.

२६ ऑक्टोबर, रविवार

ए साइड भरली, खऱ्या कॅसेटवर. व्हायोलिन पूर्ण आलं. नंतर चाळीस सेकंद टेप शिल्लक.

२ नोव्हेंबर, रविवार

बी साइडवरून वाद. धाकट्याची यादी: यू टूचं 'व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम', निर्वाणाचं 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट', इंडस क्रीडचं 'प्रिटी चाइल्ड', मेटॅलिकाचं 'नथिंग एल्स मॅटर्स', डीप पर्पलचं 'चाइल्ड इन टाइम', पिंक फ्लॉइडचं 'कम्फर्टेबली नम', आणि शेवटी 'स्टेअरवे टू हेवन'.

पहिल्यावर वाद नाही. १५ डिसेंबर २०१९ ला यू टूने भारतातला पहिला कार्यक्रम केला तो नेरुळलाच, डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये. 'द जोशुआ ट्री' हा १९८७ चा अल्बम त्यांनी पूर्ण वाजवला. आम्ही माझ्या घरून चालत गेलो होतो. पण गाणं त्याच्या कितीतरी आधी या खोलीतलं. त्यांच्या गिटारवादकाची, एजची, गिटार एक सूर छेडते आणि डिले नावाचं यंत्र त्याला थोड्या अंतराने परत पाठवतं, त्यामुळे एक माणूस वाजवतोय की तीन ते कळत नाही. धाकटा तेव्हा म्हणायचा की विहिरीत वाजवतात.

इंडस क्रीड म्हणजे आधीचे रॉक मशीन, मुंबईचेच. महेश तिनईकरची गिटार. धोबीतलावच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक महोत्सव बघून शेवटच्या लोकलने ठाण्याला परत आलेले आम्ही. ज्यांना समोर घाम गाळताना बघितलंय असे या यादीत मोजकेच. राहू दे.

माझा विरोध 'चाइल्ड इन टाइम'ला होता. १० मिनिटं १८ सेकंद! एका साइडचा जवळजवळ पाव भाग. मी नकाराचा हक्क त्यावर वापरायला निघाले होते.

धाकट्याने काही न बोलता फोनवर एक दुसरा तुकडा लावला. इट्स अ ब्यूटिफुल डे नावाच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या बँडचा, १९६९ चा. व्हायोलिनवर वाजणारी धून 'चाइल्ड इन टाइम'चीच होती. डीप पर्पलने ती तिथून घेतली, वेग कमी केला आणि त्यावर स्वतःचं गाणं उभं केलं. मूळ तुकड्याचं नाव 'बॉम्बे कॉलिंग'.

मी म्हटलं, नावासाठी गाणं घ्यायचं नाही, हा नियम आहे. तो म्हणाला, "नावासाठी नाही. तू ऐक, डीप पर्पलच्या जॉन लॉर्डने ते किती हळू केलंय. एवढं हळू करायला धीर लागतो." मग आम्ही दहा मिनिटं अठरा सेकंद पुरी ऐकली, मधे न बोलता. इयान गिलनचा आवाज शब्द सोडून वर चढतो, अजून वर, किंकाळी होते, आणि गाणं कोसळून पुन्हा त्याच शांत ऑर्गनवर येतं. मी नकार 'स्टेअरवे'वर वापरला. त्या गाण्यावर माझं प्रेम आहे. पण 'चाइल्ड इन टाइम' जे चढण चढून आलं तेच पुन्हा चढायला लावणारं गाणं त्याच साइडवर नको. त्याच्या जागी 'हिअर कम्स द सन' सुचवलं. 'कम्फर्टेबली नम'ची गिटार विरत विरत जाते, शांतता होते, आणि एकटी साधी गिटार. तीन मिनिटांत संपतं. धाकट्याला अर्धा तास लागला, पण पटलं.

दुसरा मुद्दा डॉल्बीचा. डेकवर डॉल्बी बीचं बटण आहे. मी "डॉल्बी लावायचा का?" म्हटलं तर आई स्वयंपाकघरातून ओरडली, "घरात डॉल्बी कशाला!" मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतींमुळे आपल्याकडे त्या शब्दाचा अर्थच उलटा झाला. रे डॉल्बीने स्वतःच्या नावाने पहिल्यांदा बनवलं ते आवाज कमी करणारं यंत्र, टेपची सळसळ दाबणारं. १९६५ मध्ये लंडनला कंपनी काढण्याआधी तो संयुक्त राष्ट्रांचा तांत्रिक सल्लागार म्हणून भारतातच होता.

बटण बंद ठेवलं. डॉल्बीत भरलेली कॅसेट डॉल्बी नसलेल्या वॉकमनवर कर्कश लागते, आणि मला ही ट्रेनमध्ये ऐकायची आहे. सळसळ थोडी राहील. 'चाइल्ड इन टाइम'च्या सुरुवातीला ऐकू येईल. येऊ दे.

९ नोव्हेंबर, रविवार

बी साइड भरली. 'नथिंग एल्स मॅटर्स'ला दोनदा थांबावं लागलं. सुरुवातीच्या मोकळ्या तारा इतक्या हळू की काटा उठत नाही, आणि पुढे तोच काटा लालमध्ये. पहिल्या खेपेला सुरुवातीसाठी आवाज वाढवला आणि मधे हळूच उतरवला. ऐकताना बँड माघार घेतोय असं वाटलं. पुसून परत भरलं, बटणाला हात न लावता. गाण्याने स्वतःच मोठं व्हायला हवं.

शेवटी साडेतीन मिनिटांच्या आसपास टेप उरली. धाकटा म्हणाला अजून एक छोटं बसेल. बसलं असतं. नाही घातलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार. ट्रान्स-हार्बर लाइन

धाकट्याचा वॉकमन, नव्या बॅटऱ्या. नेरुळला खिडकी मिळाली आणि ए साइड लावली.

वेग बरोबर. दुसऱ्या यंत्रावरही सूर तोच लागतोय, म्हणजे आईची बाविसावी खेप खरी. जुईनगर येईपर्यंत रेडिओची खरखर आणि गाडीची खरखर एकमेकींत मिसळत होत्या. कोपरखैरणेच्या पुढे शाळेतली मुलं गायला लागली. ऐरोली सोडताना 'सुलतान्स'ची शेवटची गिटार, दिघा गावला सतार.

एक चूक सापडली: 'बॅक इन ब्लॅक'च्या आधी मी तीन सेकंदांची जागा ठेवली आहे, ती कमी आहे. रडणारी गिटार विरते न विरते तोच त्याचे मोजून मारलेले फटके येतात. पाच हवे होते. आता त्यापुढची सगळी गाणी न पुसता हे सुधारता येत नाही. तसंच राहणार.

ठाण्याला उतरले तेव्हा 'स्मोक ऑन द वॉटर' संपत आलं होतं. 'बोहेमियन' पुलावर, गर्दीत. गोखले रोडला गाँग वाजली. आणि मग पांढरी चार, त्याच उंचीवर, ऑर्गन उसळत. मला माहीत होतं काय येणार, माझाच सांधा आहे, तरी पाय थांबले.

घरी पोचले तोवर व्हायोलिन चालू होतं. जिन्यात उभी राहून संपवलं, मग बेल वाजवली.

२३ नोव्हेंबर, रविवार

कार्डावर नावं लिहिली. ए साइड माझं अक्षर, बी साइड त्याचं. देवनागरीत लिहिली, लहानपणी कधी लिहिली नव्हती. मागच्या टॅब मोडल्या, आता यावर कुणी चुकूनही काही भरणार नाही. ए साइड समोर धरली की डावीकडची टॅब ए ची. धाकट्याने विचारल्याशिवाय मोडू दिली नाही.

कॅसेट कुणाकडे राहणार ते ठरलं नाही. डेक माझ्याकडे नेरुळला, पेटी अर्थातच आईकडे.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सामान काल रात्रीच बांधून झालं. मागची खोली रिकामी, पडदे नाहीत, कपाट नाही, गादी नाही. टाळी वाजवली तर चारही भिंतींवरून परत येते. डेक शेवटी सोडवायचा ठेवला होता.

सकाळी बी साइड लावली. रिकाम्या खोलीत गाणी वेगळी लागतात. ढोल कोपऱ्यात जाऊन घुमतात, शब्द भिंतींवर घासतात. यू टूची गिटार आधीच परत येणारी, ती इथे आणखी एकदा परत आली. 'चाइल्ड इन टाइम'मधली सळसळ ऐकूच आली नाही, खोलीच तेवढी बोलत होती. आई पेटीच्या खोक्यावर बसली होती, दुसरं बसायला काही नव्हतं. 'हिअर कम्स द सन' संपलं. पुढची साडेतीन मिनिटं टेप नुसती फिरली, कुणी बटण दाबलं नाही. खालून भाजीवाल्याची हाक आली.

खट् झालं. धाकट्याने घड्याळ बघितलं. दहा वाजून दहा मिनिटं. टेम्पो अकराला येणार.

आई म्हणाली, "दुसरी बाजू पंचेचाळीस मिनिटांची ना? मग लाव की."

त्याने कॅसेट काढून उलटी केली.